खिळ्यावरची किल्ली

आत्या, आज दुकान उघडलं. तुझ्या मिलिंदनं शटर वर केलं तेव्हा आतून तोच वास आला, ज्येष्ठमध, वावडिंग आणि जुन्या गोणपाटाचा. मी जिन्याच्या पायथ्याशी थोडा वेळ थांबले. रोज मी लॅब उघडायला वर जायचे तेव्हा तू गादीवरून म्हणायचीस, "आल्या पुस्तकबाई." आज कोणी म्हणालं नाही. तुझ्या लेकानं गादीवरची चादर झटकली, तराजू पुसला, उदबत्ती लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, ती ओळ आज देशील ना? प्रेसवाला थांबलाय."

ती ओळ म्हणजे तुझ्या उन्हाळीच्या पुडीवर छापायची ओळ. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, उठून आलं की लगेच पुन्हा जावंसं वाटतं. आपल्याकडे त्याला उन्हाळी लागली म्हणतात. त्यावरची तुझी पुडी गोखरू, पुनर्नवा, वायवर्ण्याची साल आणि धने यांची. ती कधी छापील पाकिटात गेली नाही. तू वर्तमानपत्राच्या कागदात बांधून द्यायचीस, वर पांढरा दोरा. गेली कितीतरी वर्षं तू मला सांगत होतीस, की या पुडीबद्दल शास्त्र काय म्हणतं ते एका ओळीत लिहून दे. मी लिहायचे आणि तू नाकारायचीस. एकदा तर माझा कागद हातभर लांब धरून तू म्हणालीस, "ही ओळ आहे का एसटीचं वेळापत्रक?"

आता तू नाहीस आणि ओळ द्यायचीच आहे. म्हणून दुकानातच, तुझ्या स्टुलावर बसून हे लिहिते आहे. ओळीपर्यंत पोचायला मला नेहमीच वेळ लागतो, हे तुला माहीत आहे.

वर माझी लॅब आणि खाली तुझं काष्ठौषधीचं दुकान, हे पाहून नवी माणसं हसायची. हे सगळं तुझ्यामुळे झालं. मायक्रोबायॉलॉजी शिकून मी घरी बसले होते. जिथे माणसांशी बोलावं लागेल अशी कुठलीच नोकरी मला नको होती आणि बाबा स्थळं बघत होते. तू एक दिवस आलीस, चहा घेतलास, बशी खाली ठेवलीस आणि बाबांना म्हणालीस, "दादा, माझी वरची खोली रिकामी आहे. बसू दे तिला तिथे दुर्बीण घेऊन. जंतूंशी ती बोलेल, माणसांशी मी बोलते." सूक्ष्मदर्शकाला तू शेवटपर्यंत दुर्बीणच म्हणालीस. रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर संध्याकाळी येऊन जातात. बाकी दिवसभर ती खोली, ती शांतता आणि ती काचेवरची जंतूंची दुनिया माझी. मला माझ्या स्वभावासारखं आयुष्य मिळालं ते तुझ्या त्या एका वाक्यानं. त्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

आणि माणसांशी तू खरंच बोललीस. एखादी बाई यायची, हिंग मागायची, ओवा मागायची, उगाच बरण्यांवरून नजर फिरवत उभी राहायची. तू गल्ल्याशी उभ्या असलेल्या पुरुषांना सांगायचीस, "भाऊ, जरा एक चक्कर मारून या." ते गेले की तिच्याकडे बघून एवढंच म्हणायचीस, "बोल."

"जलजल होते गो आत्या."

"कुठे?"

"तिथं."

"लघवीला म्हण. लाजायचं काय त्यात? राणी असली तरी तिला जावंच लागतं."

तुझा आवाज तेव्हा जिरं मागणाऱ्याशी बोलताना असायचा तेवढाच असायचा, ना बारीक ना मोठा. मी वर काचपट्टीवर थेंब पसरत असायचे आणि लाकडी जिन्यातून मला हे सगळं ऐकू यायचं. ज्या गोष्टी त्या बायका नवऱ्याला सांगत नव्हत्या, डॉक्टरांसमोर 'पोटात दुखतं' म्हणून फिरवून सांगत होत्या, त्या तुझ्या तराजूसमोर मोकळ्या होत होत्या. माझ्याकडे येणाऱ्या बाटल्यांमागे माणसं आहेत हे मला त्या जिन्यानं शिकवलं.

दुपारी बाजार निवला की आपलं भांडण सुरू व्हायचं. तू सुपात गोखरू निवडत बसायचीस, ते काटे तुझ्या बोटांना टोचत कसे नाहीत याचं मला नवल वाटायचं, आणि मी शोधनिबंध वाचून दाखवायचे.

"गोखरूचा अर्क दिल्यावर उंदरांना लघवी जास्त झाली, असं आहे यात."

"झाली ना? मग भांडतेस कशाला?"

"उंदीर आहेत ते, आत्या."

"असू देत. त्यांना काय देवानं वेगळा नळ बसवलाय?"

"माणसांवरचे अभ्यास लहान लहान आहेत. काहींत फरक दिसला, काहींत नाही. आणि लघवी जास्त होणं वेगळं, जंतू मरणं वेगळं."

"तुझ्या शास्त्राला घाई नाही. माझं गिऱ्हाईक पाय आवळून उभं असतं."

पण तू नुसती हट्टी नव्हतीस. वायवर्ण्याच्या सालीनं प्राण्यांमध्ये मुतखडा वाढायचा कमी झाला, पण असलेला मोठा खडा विरघळला असं कोणी दाखवलेलं नाही, हे मी सांगितल्यावर तू सूप उचलून आत गेलीस. मग एक दिवस मोठ्या खड्याचं गिऱ्हाईक आलं, तर मी जिन्यातून ऐकलं, "एवढ्या मोठ्याला माझ्याकडे काही नाही हो. सर्जनला दाखवा. पुडीत दिवस घालवू नका." कुळथाच्या कढणाबद्दल मी म्हणाले, की थोडेफार अभ्यास आहेत, आशा वाटावी असे, पण पक्के नाहीत. तू म्हणालीस, "कढण पक्कं नसतंच, पातळच असतं," आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसलीस की सूप हललं. मुतखड्यावरच्या पाषाणभेदाबाबत तर आपलं एकमत होतं. त्या नावाखाली बाजारात इतक्या निरनिराळ्या वनस्पती येतात, की अभ्यास कुठल्या झाडाचा आणि गोणीत काय, हेच कळत नाही. तू तो पुडीतून कधीच काढून टाकला होतास.

खरं भांडण एकच होतं. मी म्हणायचे, "तू प्रत्येकीला पुडीबरोबर तांब्याभर पाणी प्यायला लावतेस. गुण पाण्याचा आहे."

"मग सांग ना जाऊन सगळ्यांना, नुसतं पाणी प्या म्हणून. बघू कोण पितं. पुडी दिली की पितात."

"म्हणजे पुडी निमित्त."

या शब्दाचा तुला राग आला. तुझ्या सासूनं ही पुडी बांधली होती, तिच्याही आधीपासून लोक ती नेत होते. त्यानंतर दोन-तीन दिवस वर चहा आला नाही. मी खाली आले नाही. शेवटी तूच जिन्याखालून ओरडलीस, "ए निमित्त! चहा निवतोय!"

आत्या, लोकांपासून लपवलेली एक गोष्ट आज इथे लिहिते. तू चिडशील, पण सांगते.

मे महिन्यातली दुपार होती. तू धापा टाकत जिना चढून वर आलीस. तू जिना चढायची नाहीस, म्हणून मला आधीच नवल वाटलं. हातात लॅबचीच बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. "शेवंताची आहे. गव्हाणची. लाजते, वर येत नाही," म्हणालीस आणि लगेच उतरून गेलीस.

मी थेंब काचेवर घेतला. पू-पेशींनी सगळं दृश्य भरून गेलं होतं. जंतू वाढवून बघायला कल्चरला लावलं, पण त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. म्हणून मी खाली आले.

"शेवंताला ताप आहे का?"

"असेल थोडा."

"थंडी वाजते?"

"वाजते म्हणत होती."

"पाठीत मागे दुखतं?"

"एका बाजूला."

"तिला सांग, आजच्या आज डॉक्टरकडे. पुडीवर काढू नको म्हणावं. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले असतील तर जिवावर बेतेल."

"सांगते," म्हणालीस आणि बडीशेप तोलायला तराजू उचललास. पारडी थरथरत होती. मे महिन्याच्या त्या उकाड्यात तू पंखा बंद करून अंगावर शाल घेऊन बसली होतीस. माझ्या मुठीत बाटलीवरून सोडलेला दोरा अजून तसाच होता. दोन वेढे आणि वर एक छोटं फूल. पनवेलच्या सगळ्या बाजारात ती गाठ एकच बाई मारत होती.

"आत्या, शेवंता गाठसुद्धा तुझ्यासारखीच मारते का गं?"

तू तराजू खाली ठेवलास. "पुस्तकं वाचून वाचून फार शहाणी झालीस," म्हणालीस. मग अगदी हळू, "उन्हाळीची पुडी विकणारीलाच उन्हाळी लागली, असं कळल्यावर लोक काय म्हणतील?"

कितीतरी दिवस तू स्वतःचीच पुडी घेत बसली होतीस. मी शटर ओढलं, रिक्षा थांबवली. रिक्षात तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. तुझं अंग भाजत होतं. दवाखान्यात ठेवून घेतलं, सलाइनमधून औषधं सुरू झाली, माझ्या बशीत वाढलेल्या जंतूवर कुठलं औषध चालतं ते मी डॉक्टरांना कळवलं. आणि ताप उतरल्या उतरल्या तू त्यांना पहिला प्रश्न काय विचारलास? "डॉक्टर, वरून थोडं गोखरू घेतलं तर चालेल ना?"

घरी आल्यावर तू माझं बरोबर होतं असं म्हणाली नाहीस. मीही ते काढलं नाही. पण त्या दिवसापासून दुकानात एक रीत पडली. पुडी बांधायच्या आधी प्रश्न. ताप आहे का? थंडी? पाठीत दुखतं का? लघवीतून रक्त? दिवस गेलेत का? साखर आहे का? यातल्या एकाला जरी 'हो' आलं, की तुझा हात दोऱ्यावरून बाजूला व्हायचा आणि तू जिन्याकडे बोट दाखवायचीस, "आधी वर जाऊन ये." बायका हसायच्या, "एवढ्यात नको गो वर धाडू, पोरांची लग्नं व्हायची हायत." आणि हसत हसत वर यायच्या. वेळेत यायच्या. ज्या एरवी आल्याच नसत्या अशा कितीजणी त्या जिन्यानं वर आल्या आणि बऱ्या होऊन परत तुझ्याकडेच ओवा न्यायला आल्या, ते मी पाहिलं आहे. तू तुझी फजिती फुकट जाऊ दिली नाहीस.

आणि मग हिराबाई. बाजारात मासळी विकणारी, उरणच्या खाडीकाठची, तुला 'शेटाणी' म्हणून चिडवणारी. तिचा तोच तो रिपोर्ट पुन्हापुन्हा येत होता. औषधानं बरी व्हायची, की परत बाटली. एकदा तो कागद घेऊन मी खाली आले तेव्हा ती गल्ल्याशीच उभी होती.

"ही पाणीच पीत नाही, आत्या," मी म्हणाले.

"मी तर दर वेळी हिच्यावर ओरडते. काय गं, तांब्याभर पितेस का रोज?"

"पानी पिऊन जावाचा कुठं, शेटाणी?" हिराबाई म्हणाली. "सकाली बसते ती पाटी रिकामी होईस्तोवर. बाजारात बायकांना जागा हाय कुठं? एक हाय, तिला दार नाय. आमी सगल्याजनी सकालपासून पानीच नाय पित. नाय प्यालं का नाय जावं लागत."

माझ्या कुठल्या निबंधात हे नव्हतं आणि तुझ्या कुठल्या बरणीत यावर औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आले तर तू दुकानामागचं संडास-बाथरूम धुऊन घेत होतीस. सुतारानं दाराला आतून नवी कडी बसवली होती. नळाखाली बादली, कोपऱ्यात साबण. आणि गल्ल्याजवळच्या भिंतीत एक खिळा, त्यावर लाल चिंधी बांधलेली किल्ली. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. किल्ली खिळ्यावर असली की मोकळं आहे. खिळा रिकामा असला की आत कोणीतरी आहे. मासळीवाल्या आल्या, मग भाजीवाल्या, मग फुलवाली. मिलिंद तेव्हा कुरकुरला होता, "आई, दुकानात मासळीचा वास येतो." तू म्हणालीस, "ताटातल्या पापलेटाला येतो तेव्हा बरा गप्प बसतोस."

हिराबाईच्या बाटल्या येणं कमी झालं. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही. एक बाई, एक बाजार, यावरून काही सिद्ध होत नाही. पण ज्या बायकांना हा त्रास वारंवार होतो त्यांना रोज जास्त पाणी प्यायला लावलं तर तो कमी वेळा होतो, असं सांगणारा अभ्यास मी तुला वाचून दाखवला होता. माणसांवरचा, बायकांवरचा, नीट केलेला. मला वाटलं, आता तू हरलीस. तू गोखरू निवडता निवडता म्हणालीस, "झालं तर मग. पाणी शास्त्र सांगतं, गोखरू मी सांगते."

मी म्हणाले, "असं पुडीवर छापता येत नाही."

"का येत नाही?"

वर बाटल्या आल्या होत्या, मी निघून गेले. मग तो विषय राहिला तो राहिलाच.

एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. गेल्या उन्हाळ्यात मलाही उन्हाळी लागली होती. माझीच लघवी मी तपासली, जंतू नव्हते, पेशी नव्हत्या. दिवसभर दुर्बिणीवर वाकून पाणी न पिण्याचा परिणाम. तू न विचारता एक पुडी वर पाठवलीस. मी ती घेतली. धन्याचा वास आला, जीभ जरा कडू झाली, तांब्याभर पाणी पोटात गेलं आणि संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "पाण्यानं." पण आत्या, पाणी तर माझ्या टेबलावर रोजच भरलेलं असायचं. ते मी प्यायले, कारण कोणीतरी दोऱ्याचे दोन वेढे आणि वर फुलाची गाठ मारून माझ्याकडे काही पाठवलं होतं. हे मी कुठल्या निबंधात मांडू?

एवढं लिहून झालं तोवर मिलिंद दोनदा डोकावून गेला. त्याला वाईट काही करायचं नाही. तुझं नाव राहावं, पुडी रोडपालीत, खारघरमध्ये दुकानादुकानांत दिसावी, असं त्याला वाटतं. त्यानं नमुना दाखवला. हिरवं पाकीट, तुझा फोटो, आणि खाली मोकळी जागा. "इथे फक्त 'शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध' लिही आणि खाली तुझं नाव, डिग्रीसकट. मागची बाथरूमची जागा काढली की पॅकिंगचं मशीन बसेल." किल्ली त्याच्या खिशात होती. खिळा सकाळपासून रिकामाच होता आणि आत कोणी नव्हतं.

मी त्याला कागद दिला. त्यानं मोठ्यानं वाचलं: "पाणी भरपूर प्या, हे शास्त्र सांगतं. ही पुडी घ्या, हे आमची आत्या सांगायची. ताप, थंडी, पाठदुखी, लघवीतून रक्त असेल, दिवस गेले असतील किंवा साखर असेल, तर पुडी न फोडता आधी डॉक्टरकडे जा, हे दोघंही सांगतात."

"ताई, हे वाचून कोण घेईल?"

"तुझ्या आईकडून घेत होते ते."

तो काही बोलणार इतक्यात हिराबाई आली. पाटी बाहेर ठेवली, फोटोला हात जोडले, डोळे पुसले आणि म्हणाली, "दे रे बाला एक पुडी. शेटाणी गेली तशी परत जलजल सुरू झाली बघ."

मिलिंद गादीवर बसला. पुडी बांधायला घेतली. मग हात थांबला. माझ्याकडे न बघता त्यानं तिला विचारलं, "मावशी, ताप आहे का? थंडी?"

"नाय रे."

"पाठीत? रक्त बिक्त?"

"नाय. आईसारखाच विचारतंस."

"मग तांब्याभर पाणी प्यायचं बरोबर. रोज."

हिराबाई हसली. "आन् जावाचा कुठं? सांग ना." आणि तिनं खिळ्याकडे बघितलं.

मिलिंदनंही बघितलं. हिरव्या पाकिटात पुडी मावत होती, तुझा फोटो मावत होता. किल्ली मावत नव्हती. त्यानं खिशात हात घातला, लाल चिंधी बाहेर आली, किल्ली खिळ्यावर लागली. "मशीनला दुसरीकडे बघतो जागा," तो कोणाला तरी म्हणाला, मला की तुला ते कळलं नाही. मग माझा कागद घडी घालून त्यानं प्रेसवाल्यासाठी वरच्या खिशात ठेवला.

आत्या, तुझ्या तांब्यातलं पाणी मी आत्ता प्यायले, तुझ्याच स्टुलावर बसून, सगळं. आता वर जाते, बाटल्या आल्या आहेत. उठता उठता गल्ल्याकडे वळून पाहिलं. खिळा रिकामा आहे. आत कोणीतरी आहे.